बाबांची तेरवी झाली नाही

आमच्या घरी बाबांची तेरवी झाली नाही. नाचणगावातल्या आमच्या भाऊकीला वाटतं, झाली. पुलगावच्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकदोघांनाही वाटतं, झाली. कोणी तोंडावर विचारलं तर मी तोंडावर उत्तर देते. जे पाठीमागे बोलतात त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

आम्ही जन्मापासूनचे ख्रिस्ती नाही. बाबा गवंडी होते. मी शाळेत असताना पुलगावला एका चर्चच्या कंपाउंडची भिंत बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. भिंत बांधता बांधता ते आतलं बोलणं ऐकत राहिले. भिंत संपली तरी जायचे थांबले नाहीत. आई वर्षभर रुसून होती. मग एका रविवारी तीच म्हणाली, "चाला, मी पण पाहतो काय सांगतेत ते." परतली ती बाबांपेक्षा पक्की होऊन. गावात लोक विचारायचे, "काय भेटलं वं? तांदूळ देल्ले का त्याईनं?" आई म्हणायची, "तांदूळ? भेटतेत ना. राशनच्या दुकानातून भेटतेत. तुमाले नाई भेटत का?"

आई पक्की झाली, पण स्वतःच्या पद्धतीनं. गुड फ्रायडेला ती एकादशीसारखा उपास धरते आणि साबुदाण्याची उसळ खाते. आमच्या पास्टरांनी एकदा हसून सांगितलं, "ताई, आपल्यात साबुदाण्याचं असं काही नसतं." आई म्हणाली, "तुमच्यात नसन. त्याच्या दुःखाच्या दिवशी माह्या घशाखाली पोळी उतरत नाई." पास्टरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग बाबा परांचीवरून पडले. कमरेखालचं सगळं गेलं. गावाला तर आयतंच सापडलं. नवा देव धरला आणि कंबर मोडली, हे हिशेबाचं सरळ गणित होतं. बाबांना बघायला म्हणून लोक यायचे आणि खाटेजवळ बसून तेच सांगायचे. बाबा पडल्या पडल्या म्हणायचे, "अबे, मी परांचीवरून पडलो. बांबू सडका होता. देवाले काऊन मधात आणतं?" त्यांनी कधी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहून मोठी भाषणं केली नाहीत. उभं राहताच येत नव्हतं. पण खाटेवरून त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं मी अजून कोणाच्या पुलपिटावरून ऐकलेलं नाही.

त्या खाटेशेजारी बसून मी अभ्यास केला. वर्ध्याच्या कॉलेजात रोज जाऊन-येऊन बी.कॉम. झाले. आमच्या अख्ख्या भाऊकीत, मुलगे धरून, पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते कोणी म्हणत नाही. म्हणतात ते हे, की बँकेच्या परीक्षेत पुन्हा राहिली. राहिले. दरवेळी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली होती, तरी राहिले. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, एकदा ओट्यावरून मोठ्यानं म्हणाले, "डिग्री घेतली, नवा देव घेतला, नोकरी कुठं हाय?" मी म्हटलं, "मोठेबाबा, तुमचे तर इतके देव हायेत. तुमच्या पोराले कुठं लागली?" त्या दिवसापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाबा गेले. त्यांना पुलगावच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. मला भाऊ नाही, म्हणून पहिली मूठ माती मी टाकली. मोठेबाबा आले होते, पण फाटकाच्या आत आले नाहीत. बाहेर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, शेवटपर्यंत उभे होते. तो माणूस भावासाठी रडत होता, हे मी पाहिलं आहे. ते नाकारणार नाही.

घरी येताना मी देवाशी भांडले. न्यायचंच होतं तर इतकी वर्षं खाटेवर कशाला झिजवलं? उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. तरी मी त्याच रात्री स्तोत्र वाचलं, दुसऱ्या दिवशीही वाचलं. मला कोणी समजूत घातली म्हणून नाही. रागावलेल्या माणसानंही बापाचं घर सोडायचं नसतं, एवढं मला बाबांच्या खाटेनं शिकवलं होतं.

आता चूक. पास्टर म्हणाले, घरी एक आठवणीची प्रार्थना ठेवू, मंडळीतले लोक येतील. कोणता दिवस? कामाधंद्याच्या लोकांना रविवारच बरा, सकाळची उपासना झाल्यावर, दुपारी. येणाऱ्यांना जेवू घालायचं, हे आईनं धरलंच होतं. ती लांब पोळ्या करणार होती. उपड्या मडक्यावर, हातावर लांबवलेल्या, त्या आमच्याकडे मोठ्या जेवणालाच होतात, आणि गावातल्या लग्नांत त्या करायला आईलाच बोलवायचे. आम्ही तारीख ठरवली, निरोप दिले आणि तो कितवा दिवस येतो हे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. दिवस धरायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. तो रविवार बाबांचा तेरावा दिवस होता.

आमच्या लक्षात नाही आलं. भाऊकीच्या आलं.

सकाळी आईनं अंगणात चूल पेटवली, मडकं उपडं घातलं. धूर निघाला तसा भाऊकीत निरोप गेला असणार. दुपारी मी वांग्याची भाजी उतरवत होते तेव्हा मोठेबाबा आत आले. डोकं भादरलेलं, मिशा काढलेल्या, अंगावर नवं धोतर, मागे भाऊकीतली चार-पाच माणसं आणि शेवटी मोठीआई, म्हणजे त्यांची बायको. मोठेबाबांचा आवाज कितीतरी वर्षांनी मऊ होता.

"तुह्या मायले सांग," ते मला म्हणाले, "उशिरा का होईना, अक्कल आली. पोरगा नाई त्याले, तं मीच करतो सारं. आत्तापर्यंतचं झालं-गेलं सोडून देऊ. आजपासून तुमी आमच्यात."

आई चुलीपाशी होती. आमच्याकडे बाई नवऱ्याच्या थोरल्या भावाशी थेट बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि मुलांच्या तोंडून निरोप देते. लग्न झाल्यापासून आई एक शब्द त्यांच्याशी बोलली नव्हती. आताही तिनं पदर ओढला आणि मला म्हणाली, "त्याईले सांग, हे तेरवी नाई. प्रार्थना हाय."

"तेराव्या दिवशी सैंपाक, मांडी घालून पंगत, अन् तेरवी नाई?" मोठेबाबा हसले. सगळेच हसले.

एवढ्यात पास्टर आणि मंडळीतले लोक सायकली, मोटारसायकली लावून दारात आले. त्यांनी मुंडण केलेले मोठेबाबा पाहिले, चूल पाहिली, आणि पास्टरांचा चेहरा पडला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "आज तेरावा आहे का गं? अरे देवा. असं कर, जेवण राहू दे. आपण नुसती प्रार्थना करू आणि निघू. लोकांचा गैरसमज होईल. आपल्यातही बोलतील."

मी आईला सांगितलं. तिच्या हातावर पोळी लोंबत होती. ती तिनं मडक्यावर टाकली, उलटली, काढली, आणि मग म्हणाली, "पास्टरांले सांग, माह्या नवऱ्यासाठी उन्हातून आलेला माणूस मी उपाशी धाडत नाई. तेरवीच्या भीतीनं पण नाई."

तोवर मोठेबाबांनी स्वतःच एक पान वाढून घेतलं होतं. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, कढी. ते पान घेऊन ते अंगणाच्या भिंतीकडे निघाले. बाबांच्या नावानं कावळ्यासाठी ठेवायला. ते भिंतीवर ठेवलं असतं की झालं असतं. भाऊकीसाठी आम्ही परत आलो असतो, मंडळीसाठी आम्ही परत गेलो असतो, आणि खाटेवर इतकी वर्षं धरून ठेवलेलं बाबांचं सगळं त्या भिंतीवर कावळ्यापुढं गेलं असतं. मी उठले. पण माझ्या आधी आई उठली.

ती पिठाच्या हातांनीच त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर पडला होता, तिनं ओढला नाही.

"मोठेबाबा," ती म्हणाली, थेट त्यांना. "ते पान इकडे द्या. तुमचा भाऊ उपाशी नाई. तो ज्याच्यापाशी हाय त्याच्या घरी जेवाले कमी नाई. तुमी जिते हा. तुमी उपाशी हा. तुमी बसा अन् जेवा. पण आधी प्रार्थनेले बसा. हे जेवण येशूच्या नावानं हाय, अन् ते मी लपवून वाढणार नाई."

मोठेबाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त धक्का बसला होता, की ही बोलली. त्यांनी पान आईच्या हातात दिलं नाही, भिंतीवरही ठेवलं नाही. खाली जमिनीवर ठेवलं.

"तुह्या मायले सांग," ते मलाच म्हणाले, "माह्या भावाले तिनं वाऱ्यावर सोडलं."

"मी इथंच हावो," आई म्हणाली. "मले सांगा."

ते वळले आणि चालू लागले. भाऊकी त्यांच्यामागे. दारापाशी जाऊन त्यांनी मोठीआईला हाक मारली. मोठीआई जागची हलली नाही. "तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "त्याच्या खाटेपाशी मी रोज येत होतो. मले त्याच्यासाठी बसू द्या." आणि ती सतरंजीवर मंडळीतल्या बायांच्या शेजारी बसली. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं एक मिटला, एक किलकिला ठेवला.

पास्टर सतरंजीपाशी आले. मग त्यांनी चपला काढल्या, पुस्तक उघडलं आणि वाचलं. प्रार्थना झाल्यावर पंगत बसली आणि पास्टर सगळ्यांत आधी जेवायला बसले. मंडळीतले दोघं मात्र जेवणाआधी निघून गेले. त्यांना मी अडवलं नाही.

मोठीआई पोटभर जेवली. दोनदा कढी मागून घेतली. उठताना आईला हळूच म्हणाली, "त्याईचा डबा भरून दे वं. सकाळपासून पोटात काही नाई त्याईच्या."

आईनं मान हलवली. "डबा नाई, बाई. घरी नेला की ते तेरवीचं जेवण होते. त्याईले सांगजो, ताट इथं हाय. अंगणात. कधी पण या. आधी बसाचं, मग जेवाचं."

त्यानंतर लांब पोळ्यांसाठी आईला गावातून बोलावणं आलेलं नाही. लग्नसराई तशीच गेली. माझा निकाल पुन्हा लागला, पुन्हा तसाच. मी पुन्हा फॉर्म भरणार आहे. दर रविवारी दुपारी आमच्या अंगणात प्रार्थना होते आणि आई येतील त्यापेक्षा एका माणसाचं जास्त रांधते. मोठीआई कधी येते, कधी तिला येऊ देत नाहीत. मोठेबाबा रस्त्यानं जाताना आमच्या फाटकापाशी चाल थोडी मंद करतात, आत बघत नाहीत. अजून आलेले नाहीत. आम्हीही डबा पाठवलेला नाही.