मोहरावरच्या लाल चौकटी

यंदा दारातल्या आंब्याच्या कलमाला असा मोहर आलाय, की जाणारा-येणारा थांबून बघतो. मोहराला सरळ बोट दाखवलं तर तो गळतो म्हणतात, म्हणून आमच्याकडे बोट दुमडून दाखवायची रीत. वहिनी तसंच दाखवत होत्या, "भावोजी, ती वरची फांदी बघा."

मी फोन वर धरला. फोटोवरून कीड ओळखणारं अ‍ॅप नुकतंच घेतलं होतं. पडद्यावर एक लाल चौकट उमटली. तुडतुडा, मोहराचा रस शोषणारा. मग शेजारी दुसरी, आणि बघता बघता इतक्या, की मोहर दिसेनासा झाला. फोन बाजूला केला तर झाड होतं तसंच, घमघमणारं.

आपण कौतुकाने वास घेत उभे असतो, तेव्हाही आत हे चालूच असतं? आणखी कुठे कुठे चालू असेल?

"केवढी बोटं दाखवली हो या फोनने!" वहिनी पुटपुटल्या आणि झटकन मागे सरल्या. "माझ्याकडे नका हं धरू तो."

हसू आलं नाही. मी फोन घाईने उलटा करून छातीशी धरला. मग लक्षात आलं, त्याच्या कॅमेऱ्याचा डोळा आता माझ्याकडे होता.