ह्यूस्टनचं घड्याळ

गुरुजींवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. त्यांचे कितीतरी विद्यार्थी माझ्याहून चांगलं लिहितात. पण त्यांच्या शेवटच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती मीच सांगायला हवी… म्हणून क्षमा मागून लिहितो.

जाधव गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. माझे वडील मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फ फोडायचे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मी कॉम्प्युटरचा कोर्स केल्याचं कळल्यावर गुरुजींनी मला घरी बोलावलं. त्यांचा मुलगा सुहासदादा मालवाहू जहाजावर होता. त्यानं न विचारता लग्न ठरवलं म्हणून गुरुजींनी पत्रानं नकार कळवला होता. तेव्हापासून त्याचा फोन येत नव्हता. छातीचं दुखणं वाढलं तसं गुरुजींचं मन बदललं. “नाही म्हटलं ते कागदावर. हो मात्र तोंडानं सांगायचं,” म्हणाले.

जहाज ह्यूस्टनला एकच दिवस थांबणार होतं. तिथल्या जहाज कंपनीच्या एजंटच्या ऑफिसात कामाच्या वेळेत फोन केला तर दादाला बोलावून देणार होते. मी दादाच्याच जुन्या कॉम्प्युटरवर परदेशच्या वेळा दाखवणारी घड्याळं बसवली. ह्यूस्टन, पुढचं बंदर रॉटरडॅम आणि गुरुजींच्या क्रिकेटसाठी सिडनी. कोपऱ्यातली आपली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून दिली.

ठरल्या दिवशी सकाळी साडेसातला पडद्यावर ह्यूस्टनचे साडेनऊ झाले. फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा… गुरुजींनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला होता. शेजारी रेडिओवर सिडनीची कसोटी चालू होती. खेळाडू जेवायला निघाल्याचं समालोचकानं सांगितलं, तसे गुरुजी पडद्याकडे वळले. तिथं सिडनीत रात्रीचे अडीच वाजले होते.

“मेल्या, हे अपरात्री जेवतात काय रे?”

मी तास-मिनिटं जुळवली होती, देश निवडायचा राहिला होता. कॉम्प्युटर स्वतःला अमेरिकेतच समजत होता. भारत निवडला, आणि ह्यूस्टनला आदल्या रात्रीचे आठ झाले. आमची फोनची वेळ काल रात्रीच होऊन गेली होती. त्या रात्री फोन लागला तेव्हा कळलं, जहाज तिथल्या पहाटेच सुटलं.

गुरुजी रागावले नाहीत. “आता रॉटरडॅम तपास,” एवढंच म्हणाले. मग रोज तपासायला लावत. मी जाई, तपासे, “बरोबर आहे” म्हणे… जहाज रॉटरडॅमला लागायच्या चार दिवस आधी गुरुजी गेले.

ते ह्यूस्टनचं घड्याळ अजून पडद्यावर आहे. काढून टाकायला हात धजत नाही.

रॉटरडॅमचा फोन मी वेळेवर लावला. गुरुजी गेल्याचं कंपनीनं दादाला जहाजावर कळवलं होतं. दादाच्या आईला, काकूंना बोलवेना, रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाल्या, “तुझ्यासमोर म्हणाले ना ते? तूच सांग.”

“दादा, गुरुजींनी सांगितलंय, लग्न कर. आनंदानं कर.”

खरखरीतून दादाचा आवाज आला.

“कधी म्हणाले?”

“तुम्ही ह्यूस्टनला होता तेव्हाच, दादा. वेळ माझी चुकली.”