बिरूच्या खिशाचं मीटर

बिरू गेल्याचा फोन शेजारच्या घरी आला, तेव्हा मी त्याच्यासाठीच हुलगे निवडत बसले होते. आदल्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात म्हणाला होता, "अक्का, उद्या हुलग्याचं पातळ माडगं घिऊन ये गं. हितलं जेवान म्हंजी नुसतं पानी." दीड महिना झाला, बाई... ते माडगं काही झालं नाही.

बिरू माझा धाकटा भाऊ. आटपाडीकडचं आमचं घर मेंढरं राखणारं. हा मात्र वेल्डिंग शिकला आणि लांब अणुवीज केंद्रात लागला. सुट्टीला आला की सांगायचा, आत जाताना प्रत्येकाच्या खिशाला किरण मोजायचं बॅटरीवरचं मीटर लावतात. आकडा चढतो, हद्द ओलांडली की ते ओरडतं, मग माणसानं बाहेर यायचं. मी म्हटलं, "आन् त्येच खोटं बोललं तर?" तर हसला. "म्हनून तर आमी मेंढरं मोजतो, अक्का."

आमच्यात रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात घालताना दोघं मनातल्या मनात मोजतात आणि शेवटी आकडा एकदम बोलतात. जुळला नाही तर पुन्हा मोजणी. बिरू आणि त्याचा जोडीदार गणपत कामावरून बाहेर आले की तसेच आपापल्या मीटरचे आकडे बोलायचे. बाकीचे चिडवायचे, "काय रं मेंढक्या, कळप पुरा हाय न्हवं?"

एकदा गणपतचा आकडा लय चढलेला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून राबलेल्या बिरूचा शून्य! साहेब म्हणाले, मीटर नुकतंच तपासून आलंय, तुझा आकडा कमी आहे, तर तूच परत जाऊन काम संपव. बिरू हलेना. सकाळी ते मीटर त्याच्याच हातून फरशीवर पडलं होतं, आणि बोलणी बसतील म्हणून त्यानं पुसून गुपचूप खिशाला लावलं होतं. आता सांगावं तर नोकरीवर बेतणार. न सांगावं तर उद्या तेच मीटर आणखी कुणाच्या खिशाला लागणार... शेवटी बोलला, "सायेब, माज्या हातनं पडलंय त्ये." उघडून पाहिलं तर आतली तार सुटलेली. नोकरी राहिली, पण बरेच दिवस त्याला आत घेतलं नाही. मला म्हणाला, "गणप्याचा आकडा नसता तर मी गेलो असतो गं परत. त्वांड उघडलं नसतं."

भावकीत म्हणतात, किरणांनीच खाल्ला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला त्यातलं कळत नाही.

मिरजेत छातीचा फोटो काढायला नेला, तेव्हा त्याला धड उभंही राहवत नव्हतं. फोटो काढणाऱ्या गृहस्थांना म्हणाला, "आवं, तुमचा किरण मोजायचा बिल्ला कुठाय?"

"कपाटात आहे, मामा. एका फोटोनं काय होतंय?"

"तुमी लावा, मग मी हुबा ऱ्हातो."

मी ओरडले, "आरं, आदी तुजं बघ की!" ऐकेल तर शपथ. गृहस्थ पुटपुटत गेले आणि बिल्ला लावून आले. बिरूनं तो नीट बसलाय का ते बघितलं, मग फळीला छाती टेकली.

परवा शेजारीण म्हणाली, गेलेल्या माणसाचा असला फोटो घरात ठेवू नये. मी ठेवलाय. खिडकीशी धरला की बिरूच्या बरगड्या दिसतात, छाती फुगलेली... "श्वास धरा" म्हटल्यावर त्यानं धरलेला श्वास अजून तसाच आहे त्यात.