मोहाखालची जानीकाकी

"आय गेली. झाडाखाली चिरडली," सुनंदाने फोनवर एवढंच सांगितलं... तिच्यामागे बायकांचा आक्रोश होता, आणि त्याहून मोठी लाकूड कापायच्या मशीनची घरघर. माणूस मेलं तरी मशीन थांबलं नव्हतं.

सुनंदाची आई, जानीकाकी, मनोरजवळच्या पाड्यावरची. माझी आई बोईसरच्या कारखान्यांत युनियनचं काम करायची. पत्रकं वाटत पाड्यांवर फिरताना मला काकीकडे ठेवून जायची. "तुझा कागूद लय चांगला हाय बाय, चूल एका काडीत पेटते," काकी तिला म्हणायची, आणि आई हसून आणखी चार पत्रकं तिच्या हातात कोंबायची. पावसाने चार महिने झोडपलेल्या त्या डोंगरावर फाल्गुनात मोह पानं झाडून उभा राहायचा. पहाटे त्याची फिकट, रसाळ फुलं एकेक करून खाली पडायची, इतकी हलकी की ऐकायला श्वास रोखावा लागे. एकदा मी उतावळेपणाने फांदी हलवली, तर पाठीत खराटा बसला. "पडंल तेवढंच उचलायचं, भवाने! कच्चं फूल पाडलंस तर फळ कुठनं धरंल? बियांचं तेल काय तुझा बाप देणार?"

यंदा ऐन फुलात रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं मोह तोडायला आली. काकीने फक्त फुलं सरेपर्यंतची मुदत मागितली. ते हसले, मशीन सुरू केलं. काकीने कोयता उचलून एकाचा दंड फाडला. त्यांनी तिला केस धरून फरफटवलं. ती सुटली, धावली, बुंध्याला मिठी मारून उभी राहिली... पलीकडून पातं चालतच राहिलं. झाड तिच्या अंगावर आलं. वर्षाची सगळी फुलं एका क्षणात खाली, रक्तात.

पोलिसांनी 'अपघात' लिहिलं. मी खून लिहिते.

परवा गेले तेव्हा ओंडका न्यायला ट्रक आला होता. सुनंदा कोयता घेऊन ओंडक्यावर बसलेली.

"ताई, मेलेल्या झाडाचं काय करणार तुम्ही?" मुकादम म्हणाला.

"साक्षीला उभं करणार. आयचं रगत हाय त्याच्यावर. हात तर लाव!"

पाड्यावरच्या बायका येऊन तिच्या शेजारी बसल्या. ट्रक रिकामा वळला. मग सुनंदाने मला बुंध्याजवळ नेलं. खरखरीत सालीत काकीच्या बांगडीची हिरवी काच खोल रुतली होती. मी बोट पुढे केलं, तशी ती ओरडली, "काढू नको! तिनं धरलंय अजून."