काकूंनी आणलेलं स्थळ

नाटक कंपनीचे कपडे शिवणाऱ्या बाई आणि तिथेच दिवे सांभाळणारे दिवेवाले एकोणीस वर्षं एकत्र राहत होते. संसार सगळा होता, फक्त लग्न केलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी सभ्यपणे दिवेवाल्यांना बाईंचा भाऊ ठरवून टाकलं होतं आणि बाईंनीही भिडेपोटी ते कधी खोडलं नव्हतं.

एके सकाळी काकू फोटोच घेऊन आल्या. "तुमच्या भावासाठी स्थळ आणलंय. शाळेतून निवृत्त झाल्यात, स्वभाव गोड."

बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. आतून दिवेवाले म्हणाले, "बहिणीला विचारा बुवा. मी तिच्या शब्दाबाहेर नाही."

बाईंनी एकेक टाचणी काढून ठेवली. जन्मभर विंगेत उभ्या राहिलेल्या बाईंना आज स्वतःचं वाक्य म्हणायचं होतं. आवाज खणखणीत लागला. "काकू, हे माझे भाऊ नाहीत. हे माझे आहेत."

काकूंनी फोटो पर्समध्ये सरकवला. "मग इतकी वर्षं मला हे नाटक का करायला लावलंत?"

"सुरू तुम्हीच केलंत."

दोघी पोट धरून हसायला लागल्या. आतून दिवेवाल्यांनी टाळ्या वाजवून वन्स मोअर दिला, तेव्हा बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं.