ओढ्याकाठची वाट

माझं माहेर जतकडचं. लग्न होऊन मी माधवनगरात आले, तेव्हा सगळ्यात आधी मला इथला आवाज सोसला नाही. भिंतीपलीकडे यंत्रमाग दिवसभर खडखडायचे, आणि घरात सासूबाई आणि मी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत बसायचो. मुळात मी बोलायला भिणारी. त्या आवाजात तर बोलणंच सुटलं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. दुपारी नवऱ्याचा, म्हणजे आमच्या मालकांचा, डबा मागावर पोचवायचं काम माझ्याकडं आलं. परतताना एकदा मी वाटेतल्या सूतगिरणीच्या भिंतीमागनं ओढ्याच्या काठाकाठानं आले. बांध, घाणेरीची झुडपं, पुढं एक पडकी विहीर आणि तिच्यावर उंबर. विहिरीत वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबत होते. तिथं माग ऐकू येत नव्हते. मग मी रोजच त्या वाटेनं यायला लागले. दिवसात तेवढाच वेळ माझा होता.

एका दुपारी न्हाऊन ओल्या केसांनीच डबा द्यायला गेले होते. परतताना उंबराखाली बसून केस सोडले. एक नर अर्धा खोपा विणून मादीला दाखवत होता. ती आत डोकावली आणि उडून गेली. मला हसू आलं. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन शेजारीण बांधावरनं गेली. मी तिच्याकडं बघून हसले, पण ती थांबली नाही.

मी घरी पोचायच्या आत ती सासूबाईंना सांगून बसली होती. "आवं आत्या, भर दुपारची उंबराखाली केस सोडून बसलीया. एकटीच हसत हुती."

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात धरला. "काय दिसलं गं तुला तितं?"

"पाखरं बघत हुते."

"पाखरं दारात न्हाईत व्हय?"

मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणंच त्यांनी बाधेचं लक्षण धरलं. रात्री जेवताना मालक म्हणाले, "झाडाला बी माजीच बायकू आवडली म्हणायची." त्यावर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते डबा सकाळीच नेऊ लागले.

अवसेला सासूबाई मला घेऊन उंबराखाली गेल्या. माझ्यावरनं दहीभात उतरला आणि बुंध्याशी ठेवला. "आता मागं बगू नगंस," त्या म्हणाल्या. मागं पानांत काहीतरी सळसळलं. कावळाच असणार. तरी मी मान वळवली नाही.

काही महिन्यांनी गार जेवणाला कंटाळून मालकांनी पुन्हा डबा आणायला सांगितलं. पहिल्याच दिवशी परतताना मी ओढ्याकडं वळले. विहीर दिसायच्या आधीच पानं सळसळली आणि माझ्या अंगावर काटा आला. तिथं काही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी स्वतःला तसं सांगितलंही. पण पाय पुढं पडेना. मी मागं फिरले आणि मोठ्या रस्त्यानं, ट्रकांच्या धुरळ्यातनं घरी आले.

सासूबाई दारातच शेजारणीशी बोलत होत्या. मला लवकर आलेली बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बग, सुटली पोर," त्या तिला म्हणाल्या.

मी डबा घेऊन आत गेले.