थोरल्या जावयाचे टायर

साडूच्या गाडीचा आवाज गल्लीत आला की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेलं नाही. बायकोजवळ तर नाहीच, कारण तो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

वास्तविक त्याचा हेवा करावा असं त्याच्याजवळ काही नाही. मी इंदूरला पलासियातल्या विमा कंपनीच्या ऑफिसात एसीखाली बसतो, तो सांवेर रोडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर उभा असतो. माझं घर त्याच्या घरापेक्षा मोठं आहे आणि माझी मुलगी त्याच्या मुलापेक्षा अभ्यासात हुशार आहे. या सगळ्या गोष्टी मी मनातल्या मनात अनेकदा ताडून पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मीच वरचढ ठरलो आहे. तरी जळफळाट माझाच होतो. त्याला कारण आमचे सासरे.

सासरे परदेशीपुऱ्यात राहतात. दोन खोल्या आणि पुढे छोटंसं अंगण. ते आधी मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर सांवेर रोडलाच एका वर्कशॉपमध्ये त्यांनी उरलेली नोकरी काढली. आता सत्तरी उलटली, पण नुसत्या बोटांनी चाचपून कुठला पाना लागेल ते सांगतात. मी त्यांना बाबा म्हणतो. माझे वडील मी अकरावीत असताना गेले, त्यानंतर बाबा म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा बायको मिळाल्याचा जेवढा आनंद झाला तेवढाच बाबा मिळाल्याचा झाला होता. हे आज तिला सांगितलं तरी ती भांडेल.

पण मी पडलो थोरला जावई. अधिक महिन्यात तेहेतीस अनारशांचं ताट आधी माझ्यापुढे येतं. मी आलो की बाबा बनियनवर सदरा चढवतात, "या जावईबापू" म्हणतात आणि पंखा माझ्या दिशेनं वळवतात. मग आम्ही दोघं हवेबद्दल बोलतो. लग्नाला बारा वर्षं झाली, इंदूरच्या हवेबद्दल आमचं बहुतेक सगळं बोलून झालेलं आहे.

धाकटा जावई माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. पहिल्याच दिवाळीला हा पठ्ठ्या पाण्याच्या टाकीचा कॉक बसवायला गच्चीवर चढला आणि बाबा खालून ओरडत होते, "अरे गधड्या, वॉशर विसरलास!" तो वरून हसत होता. मी खाली चकली खात बसलो होतो. त्या दिवसापासून माझ्या पोटातलं दुखणं सुरू झालं.

गेल्या वर्षी बाबांची मोटारसायकल भाजी मंडईच्या वळणावर घसरली. फार लागलं नाही, गुडघा खरचटला. पण दोन्ही टायर पार गोटा झाले होते. रविवारी आम्ही सगळे जेवायला जमलो तेव्हा साडू म्हणाला, "बाबा, आता रिस्क नको. दोन्ही बदलून टाकू. मी उद्या कंपनीतून येताना बघतो ना..."

"मी मागवतो," मी म्हणालो. "ऑनलाइन."

माझा आवाज जरुरीपेक्षा मोठा निघाला असावा, कारण सासूबाई वाढता वाढता थांबल्या.

"ऑनलाइन?" बाबा म्हणाले. "अहो, टायर कसा, बोटानं दाबून बघून घ्यायचा असतो. आणि तुम्ही कशाला त्रास घेता?"

"नाही बाबा, आजकल चांगले मिळतात," साडू म्हणाला. "सस्ते पण पडतात. भिया मागवताहेत तर मागवू द्या."

त्यानं भिया, म्हणजे भैया, म्हणत माझी बाजू घेतली याचाच मला जास्त राग आला.

घरी येताना बायको म्हणाली, "तुम्हाला कशाला ही उठाठेव? सायकलचं पंक्चर तरी काढलंय का कधी?" दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी टायरचा अभ्यास सुरू केला. डबा एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून व्हिडिओ बघायचे. टायरवर बाण असतो आणि तो चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेला ठेवायचा असतो, हे मला चाळिसाव्या वर्षी समजलं. टायर कितव्या आठवड्यात बनला ते चार आकड्यांत त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, तेही समजलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "क्यों भिया, टायर की एजेंसी ले रहे हो क्या?"

अडलं ते साइजवर. बाबांची गाडी इतकी जुनी की वेबसाइटच्या यादीत तिचं मॉडेलच नव्हतं. साइज आपली आपण टाकायची होती. टायरवरचा नंबर वाचायला मी पुढच्या रविवारी अंगणात गाडीजवळ उकिडवा बसलो, तर सासूबाई लगबगीनं खुर्ची घेऊन आल्या. "अहो, खाली काय बसलात, पँट खराब होईल." मी उठून खुर्चीवर बसलो. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न केला, तर बाबा स्वतः आले, "काय हरवलं का?" थोरल्या जावयानं त्या घरात जमिनीवर बसायची सोय नाही. चिखलानं माखलेला आणि चिरा पडलेला तो नंबर खुर्चीवरून काही दिसत नव्हता.

बाबांना सरळ विचारता आलं असतं. पण मग त्यांनी म्हटलं असतं, "राहू द्या, तो बघेल." साडूला विचारणं तर शक्यच नव्हतं. त्याच आठवड्यात तो काही कामानं आमच्या घरी आला आणि त्याची मोटारसायकल फाटकाशी उभी राहिली. तीही त्याच कंपनीची, आणि दिसायला थेट बाबांच्या गाडीची धाकटी बहीण. तो आत चहा पीत होता तेव्हा मी कचरा टाकायच्या निमित्तानं बाहेर गेलो, फाटकाशी मनसोक्त उकिडवा बसलो आणि दोन्ही टायरचे नंबर हातावर लिहून घेतले. एका कंपनीच्या गाड्या, त्यांना टायर वेगळे कशाला असतील, असा माझा हिशोब.

टायर पाच दिवसांत आले. एकात एक अडकवून, वरून प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळलेली. मी पट्टी थोडी फाडून आठवड्याचा आकडा तपासला. माल ताजा होता. दुकानापेक्षा बराच स्वस्त पडला होता. बाण जागेवर होता. इतका अभिमान मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

बसवण्याचं मात्र जमेना. पलासियातल्या दुकानदारानं टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाहर का माल है भिया, चढ़वाना है तो डबल लगेगा." मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तिथे नका देऊ हो. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आहे ना, चाकं खोलून नेली तर अगदी थोडक्यात करून देतो. रविवारी आणा."

रविवारी मी मुद्दाम जुनी पँट घालून गेलो. साडू आधीच आलेला होता. अंगणात गोणपाट अंथरलं होतं, गाडी विटांवर चढवलेली होती, आणि ते दोघं दोन बाजूंनी तिच्यावर वाकले होते. मी बाह्या वर करत पुढे झालो.

"छे छे, तुम्ही बसा," बाबा म्हणाले. "हात काळे होतील." आणि तोंड न वळवता साडूला, "ए बावळट, नट कुठे ठेवलास? सांडशील आता सगळे!"

"हे काय बाबा, खिशात," साडू म्हणाला.

मी चहा घेतला. चाकं निघाली. साडूनं माझे टायर उचलले, हातात फिरवून पाहिले आणि एकदम थांबला. एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता कसा जळतोय! मला फार बरं वाटलं. मग तो म्हणाला, "चला बाबा, पट्टी दुकानावरच खोलू." दोघं त्याच्या गाडीवर बसले, मध्ये चाकं, बाबांच्या खांद्याला टायर. तिसऱ्याला जागा नव्हती.

यायला त्यांना दोन तास लागले. चाकांवर नवे करकरीत टायर चढले होते. बाबा दमलेले दिसत होते. "छान आहेत टायर," ते मला म्हणाले. "त्रास घेतलात तुम्ही." सासूबाईंनी श्रीखंड केलं होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जेवताना मी साडूला बाणाबद्दल समजावून सांगितलं, बनण्याच्या आठवड्याबद्दलही सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. "हो का भिया," म्हणाला. पुढचे दोन महिने मी ऑफिसात ज्याला त्याला ऑनलाइन टायर घ्यायचा सल्ला देत होतो.

मग एकदा बायकोला आणायला परदेशीपुऱ्यात गेलो असताना माझ्या स्कूटरचं पंक्चर झालं. कोपऱ्यावरच्या त्या पंक्चरवाल्याकडे मी पहिल्यांदाच गेलो. म्हातारा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो ट्यूब पाण्यात बुडवत असताना मला राहवलं नाही. म्हटलं, "वो आगे वाले बाबूजी की गाड़ी के ऑनलाइन टायर आपने ही चढ़ाए थे ना? कैसे हैं?"

तो इतका हसला की ट्यूब त्याच्या हातातून सुटली. "अरे भिया, वो टायर कहाँ चढ़े! रिम अठारह की, टायर सत्रह के. बड़े दामाद ने मँगवाए थे. मगर छोटे वाले बोले, साइज मैंने ही ग़लत बताई थी बाबा, मेरी ग़लती है. फिर बाबूजी ने उनको वो सुनाई, वो सुनाई..."

"क्या सुनाई?" मी विचारलं.

"बोले, गधे, लोहे में ज़िंदगी निकल गई तेरी, और साइज नहीं बता सकता? तेरे को किसने मशीन पे खड़ा किया? पूरी सड़क सुन रही थी. और छोटे दामाद हँस रहे हैं. फिर तीन दुकान घूमे दोनों, वोई कंपनी, वोई डिज़ाइन चाहिए था, ताकि बड़े दामाद को पता न चले. लौट के दोनों ने यहीं खड़े-खड़े कचोरी खाई. बाबूजी ने अपनी आधी उनको दे दी." त्यानं ट्यूब पुसली. "और वो सत्रह वाले छोटे दामाद ने अपनी गाड़ी में चढ़वा लिए."

ज्याला मी बाणाची दिशा शिकवली तो दोन महिने माझ्याच टायरवरून फिरत होता आणि एक शब्द बोलला नव्हता. शरम वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगतो, शरमेच्या वर काही तरी होतं. चूक माझी होती. चोरून नंबर लिहून घेतला मी, ऑर्डर केली मी. ते गधा म्हणणं, ती भर रस्त्यातली खरडपट्टी, ती अर्धी कचोरी, सगळं माझ्या वाट्याचं होतं. तेही त्यानंच खाल्लं. आयुष्यात कोणाच्या कशाचा मला इतका हेवा वाटला नव्हता.

स्कूटर तिथेच ठेवून मी चालत बाबांकडे गेलो. ते अंगणात एकटेच होते, साखळीला तेल घालत. मी आल्याचं पाहून हात पुसायला लागले. मी म्हटलं, "बाबा, टायर मी चुकीचे मागवले होते. त्यानं साइज सांगितलीच नव्हती मला. मीच त्याच्या गाडीवरचा नंबर बघितला. तुम्हाला विचारलं नाही."

एवढं बोलून मी उभा राहिलो. वाटत होतं, आता म्हणतील. एक शब्द म्हणतील, कुठलाही.

बाबा कसनुसे हसले. माझा अपमान झाला असावा आणि तो त्यांच्या हातून झाला असावा, असा त्यांचा चेहरा झाला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "त्याला खोटं बोलता येत नाही. पण राग आला होता हो मला, आणि तुम्हाला कसं बोलणार? म्हणून त्याला बोलून घेतलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याचं काय, तो घरचाच आहे."